पाणीसुद्धा नाही? रोजा, भूक आणि मनातला ‘का’

नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात मी वर्षातून दोनदा बोलायला जाते. विषय ठरलेला: ताणतणाव. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे तासाभरात कामगारांचा ताण उतरवायची काहीतरी युक्ती माझ्याकडे असणार, असं तिथल्या साहेबांना वाटतं. तशी ती नाही, पण चहा चांगला मिळतो.

२०२५च्या मार्चमध्ये गेले तेव्हा रमजानचा पहिला आठवडा होता आणि दुसरी पाळी चालू होती. माझं बोलणं आटपून मशीन शॉपमधून बाहेर पडताना पॉवर प्रेसजवळ एक पन्नाशीचे ऑपरेटर बाकड्यावर बसलेले दिसले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. पुढ्यात स्टीलच्या डब्याच्या झाकणात तीन खजूर, मूठभर द्राक्षं. शेजारी पाण्याची बाटली, तिचं बूच काढून ठेवलेलं. एक हात बाटलीवर, नजर मोबाइलवर. सहा एक्केचाळीस झाले होते. इफ्तारची वेळ सहा बेचाळीस. त्यांच्या मशीनवर तेवढ्यापुरता शेजारचा सिन्नरचा पोरगा उभा होता आणि बाकी कुणाचं तिकडे लक्षही नव्हतं. तेरा तास पोटात पाण्याचा थेंब नव्हता. तरी ते शेवटचं मिनिट चाचांनी पूर्ण होऊ दिलं.

रमजान आला की आपल्याकडे ऑफिसात, बसमध्ये, सोसायटीत एक प्रश्न हमखास ऐकू येतो: “पाणीसुद्धा नाही?” विचारणाऱ्याच्या आवाजात नवल असतं, कधी कीव असते, कधी थोडी शंकाही. स्थानिक पेपरात हार घातलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलाचा फोटो येतो, ‘चिमुकल्याने ठेवला पहिला रोजा’, आणि शंका आणखी वाढते. हे जमतं कसं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे करतात कशासाठी? मला त्या तेरा तासांपेक्षा ते एक मिनिट जास्त बुचकळ्यात टाकतं. त्याचा शोध पोटात घेऊन भागत नाही.

आधी रोजा म्हणजे नेमकं काय

रोजा पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत असतो. इथे पहिली चूक होते: पुष्कळांना वाटतं की सूर्य उगवल्यावर रोजा सुरू होतो. तो त्याच्या तासभर आधी, पूर्वेला पहिला उजेड फुटतो तेव्हाच सुरू होतो. त्याआधीचं खाणं म्हणजे सेहरी, सूर्यास्ताला सोडणं म्हणजे इफ्तार. मधल्या वेळात अन्न, पाणी, बिडी-तंबाखू, शरीरसंबंध, सगळं बंद. खोटं बोलणं, चहाड्या, भांडणं हेही टाळायचं असतं. खोटं सोडलं नाही तर नुसतं खाणंपिणं सोडल्याची देवाला गरज नाही, अशा अर्थाचं पैगंबरांचं वचन हदीसमध्ये आहे. हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं आणि आठवणी.

हिजरी वर्ष चंद्राचं, ३५४ दिवसांचं. आपण अधिक महिना घालून हिशेब जुळवून घेतो, हिजरी कालगणनेत तसं काही नाही. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. मार्चच्या सुरुवातीला नाशिकमध्ये रोजा तेरा तासांचा, इफ्तारला द्राक्षं. २०१६मध्ये रमजान जूनमध्ये होता, तेव्हा हाच रोजा साडेचौदा तासांच्या वर गेला होता.

आजारी, प्रवासी, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका, पाळी चालू असलेल्या बायका, म्हातारी माणसं आणि वयात न आलेली मुलं यांना सूट आहे. सुटलेले रोजे शक्य असेल त्यांनी नंतर भरून काढायचे. ज्यांना कधीच शक्य नाही त्यांनी एका रोज्यामागे एका गरजूला जेवू घालायचं, याला फिदिया म्हणतात. रोज्याची आज्ञा कुराणाच्या दुसऱ्या सूऱ्यात, म्हणजे अध्यायात, आहे आणि ही सूटही तिथेच, लागूनच आहे. ‘अल्लाहला तुमच्यासाठी सोपं हवंय, अवघड नको’, या अर्थाचं वाक्य त्यातच येतं.

भूक घड्याळाकडे बघते

भूक म्हणजे गाडीची टाकी, पेट्रोल संपत जाईल तसा काटा खाली, असं आपण धरून चालतो. शरीराचा कारभार तसा नाही. घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक पोटातून सुटतं आणि मेंदूला ‘जेवायची वेळ झाली’ असं कळवतं. ते रोजच्या जेवणाच्या वेळेच्या आधी चढतं आणि आपण जेवलो नाही तरी थोड्या वेळाने आपसूक उतरतं. दुपारी एकला कासावीस झालेला माणूस तीनला बरा असतो, हा अनुभव एकादशी करणाऱ्या कुणालाही आहे. चाचा म्हणाले, “पहिले चार दिवस पोट साडेबाराच्या भोंग्याला उठतं. मग त्याला कळतं, काही मिळणार नाही.”

चहाचं मात्र वेगळं. दिवसाला पाच-सहा कप पिणाऱ्याचं डोकं पहिल्या दोन-तीन दिवसांत ठणकतं ते कॅफिन अचानक थांबल्यामुळे. त्यात श्रद्धा कमी-जास्त असण्याचा काही संबंध नाही.

आणि तंबाखू? तासाला एक विडा मळणारा माणूस तेरा तास राहतो कसा? यावर मला आवडतो तो अभ्यास मुसलमानांवरचा नाहीच. रुवेन दार या इस्रायली मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानात काम करणाऱ्या, सिगारेट ओढणाऱ्या कर्मचाऱ्यांना छोट्या आणि लांब पल्ल्याच्या उड्डाणांत वेळोवेळी तलफ किती आहे ते विचारलं. २०१० साली तो निष्कर्ष छापून आला. शेवटची सिगारेट ओढून किती तास झाले, यापेक्षा पुढची कधी मिळणार, यावर तलफ जास्त अवलंबून होती. छोट्या उड्डाणात विमान उतरायला आलं की तलफ चढायची. लांबच्या उड्डाणात तेवढेच तास झालेले असताना ती शांत असायची, कारण उतरायला अजून खूप वेळ होता. ‘आता मिळणारच नाही’ हे मनाला पक्कं ठाऊक असलं की मन मागणं कमी करतं. तलफेला आशा लागते.

रोज्याची निम्मी युक्ती इथे आहे. दुपारी दोनला ‘थोडं चालेल का’ हा प्रश्नच उभा राहत नाही. आणि म्हणूनच चाचांची सगळ्यात कठीण वेळ दुपारी दोनची नसते. सव्वासहा ते सहा बेचाळीस ही असते.

हेल्मेटचे चार मजले

आता ‘कशासाठी’कडे येऊ. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोघा अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेची एक उतरंड मांडली. तिची इंग्रजी नावं सोडून देऊ. नाशिककरांना ती हेल्मेटवरून पटकन कळेल.

१५ ऑगस्ट २०२१पासून शहरात मोहीम निघाली होती, हेल्मेट नसेल तर पंपावर पेट्रोल नाही. आठवतं ना? लोक पंपाबाहेर अनोळखी माणसाकडून हेल्मेट मागून घ्यायचे, डोक्यावर ठेवायचे, टाकी भरायचे, परत द्यायचे. हा पहिला मजला: बाहेरचा धाक. धाक हटला की हेल्मेट उतरलं. दुसऱ्या मजल्यावरचा माणूस पोलीस नसतानाही घालतो, कारण नाही घातलं तर बायको बोलेल, आईने शपथ घातली आहे, उगाच अपराधी वाटतं. इथे धाक बाहेरून आत राहायला आलेला असतो. तिसऱ्या मजल्यावर पटलेलं असतं: नाशिकच्या द्वारका चौकात एक अपघात बघितला, डोक्याची किंमत कळली. आणि चौथ्यावर अंगवळणी पडलेलं असतं, हेल्मेटशिवाय गाडीवर बसलं की डोकं उघडं वाटतं.

चौघांच्याही डोक्यावर हेल्मेट सारखंच. लांबून फोटो काढला तर फरक दिसणार नाही. रोज्याचंही तसंच आहे. पेपरातल्या त्या हार घातलेल्या मुलाचा पहिला रोजा बहुधा पहिल्याच मजल्यावरचा असतो: नवे कपडे, आत्याकडून नोटा, सगळ्या मोहल्ल्यात कौतुक. त्याचे अब्बा कदाचित दुसऱ्या-तिसऱ्याच्या जिन्यात असतात. दादी चौथ्यावर. तिला ‘का’ विचारलं तर तिला प्रश्नच कळत नाही.

मात्र हे माणसांचे चार प्रकार नव्हेत. एकच माणूस एका दिवसात वर-खाली करतो. पहाटे साडेचारला बायकोने हलवून उठवल्यावर पहिला मजला, दुपारी कँटीनच्या वासात दुसरा, संध्याकाळी जमातीत, म्हणजे सगळ्यांबरोबर, नमाजला उभं राहिल्यावर चौथा. विद्यार्थी मला विचारतात, “मॅडम, खरे रोजेदार किती टक्के?” तेव्हा मी सांगते की अशी टक्केवारी काढायची तर तासाला काढावी लागेल.

बंद दाराआडचा नळ

“लोक काय म्हणतील म्हणून करतात” हा सगळ्यात सोपा आक्षेप. तो पूर्ण खोटा नाही. पण त्याला एक अडचण आहे, ती म्हणजे वजू.

नमाजआधी हात, तोंड, पाय धुवायचे, त्यात चूळ भरायची. रोज्यातही. म्हणजे कडक उन्हात, घसा कोरडा असताना माणूस नळावर जातो, ओंजळीने पाणी तोंडात घेतो, फिरवतो आणि थुंकून टाकतो. तीन वेळा. कारखान्यातला तो नळ मी पाहिला आहे, पत्र्याच्या आडोशाला, कंप्रेसरच्या मागे. एक घोट आत गेला तर जगात कुणालाही कळणार नाही. लोकांसाठी केलेला रोजा या नळावर टिकत नाही.

नमाज दिसते, जकात म्हणजे धर्माने सांगितलेलं दान दिसतं, हज तर सगळ्या गावाला दिसतं. रोजा दिसत नाही, कारण तो एखादी गोष्ट न करण्यात आहे. ‘माणसाची बाकी कामं त्याची स्वतःची, रोजा मात्र माझ्यासाठी, आणि त्याचं फळ मीच देईन’, असं देवाचं म्हणणं हदीसमध्ये येतं, आणि त्याचा एक अर्थ जाणकार हाच लावतात. दिखाव्यासाठी केलेल्या भक्तीला अरबीत ‘रिया’ म्हणतात आणि तो मोठा दोष मानतात. म्हणजे हेतू शुद्ध आहे का, ही शंका मानसशास्त्राने नव्याने काढलेली नाही. अबू हामिद गझाली (१०५८–११११) यांनी रोज्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या होत्या: पोटाचा रोजा, त्यावर डोळे, कान, जीभ, हात, पाय यांचा रोजा, आणि सगळ्यात वर मनाचा, ज्यात देवाशिवाय दुसरा विचारही नको. नऊशे वर्षांपूर्वी हा माणूस मजलेच मोजत होता.

‘फर्ज आहे, म्हणजे सक्तीच ना?’

रोजा फर्ज आहे, म्हणजे ऐच्छिक नाही. मग त्यात स्वतःची इच्छा कुठली?

इथे एक बारीक गोष्ट आहे, नियत. नियत म्हणजे मनाशी केलेला ठरावच. ‘उद्याचा रोजा मी ठेवतो’ असं मनात आणल्याशिवाय नुसतं उपाशी राहणं हा रोजा होत नाही. दिवसभर कामाच्या गडबडीत जेवायचं राहून गेलं, तर तो रोजा नव्हे. उलट रोजा असताना विसरून पोटभर जेवला, तर रोजा मोडत नाही. आठवलं की थांबायचं आणि पुढे चालू ठेवायचं. ‘अल्लाहनेच त्याला खाऊ-पिऊ घातलं’, असं हदीस म्हणते. हा नियम मला फार आवडतो. पोटात काय गेलं यापेक्षा मनात काय होतं, यावर सगळा हिशेब.

मानसशास्त्राच्या बाजूने बघितलं तर पीटर गोलवित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९९मध्ये मांडलं, की ‘मी व्यायाम करणार’ या मोघम निश्चयापेक्षा ‘सहा वाजले की बूट घालून निघणार’ असा वेळ-काळाला बांधलेला निश्चय जास्त पाळला जातो. नियत तशीच बांधलेली आहे, अमुक दिवस, अमुक वेळेपासून. आणि ती रोज करायची प्रथा आहे. महिना सक्तीचा असला तरी दिवस माणूस स्वतः उचलतो.

सगळ्यांचं असं होतं का? नाही. दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे आतल्या धाकावर अडकलेली माणसं मला वर्गात दिसतात. एका विद्यार्थिनीने सांगितलं होतं, पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, धर्मानेच सूट दिली आहे, तरी घरात भाऊ आणि अब्बा असतात म्हणून ती स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून उभ्याउभ्या केळं खाते. साल ओट्यावर ठेवत नाही, ओढणीत गुंडाळून नेते. पहाटे सेहरीलाही सगळ्यांबरोबर उठून बसते. धर्म म्हणतो खा, लाज म्हणते दिसू नकोस. (आमच्याकडे बाजूला बसायचं असायचं तेव्हा सगळ्या गल्लीला कळायचं. कुठलं बरं, सांगता येत नाही.)

रायन आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये ख्रिस्ती लोकांवर केलेल्या अभ्यासात हा फरक मोजला होता. धर्म पटून पाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य बरं दिसलं, अपराधी वाटू नये म्हणून पाळणाऱ्यांचं उलट. धर्म तोच, प्रार्थना तीच. मला वाटतं, ‘धर्माने मन शांत होतं की बिघडतं’ हा वाद जो कायम घातला जातो, तो मजला न विचारता घातला जातो.

‘सवाब मिळतो म्हणून ना? मग सौदाच झाला’

सवाब म्हणजे पुण्य. रमजानमध्ये ते पटीने मिळतं, असं मानतात. बक्षिसाने प्रेरणा बिघडते, हे तर प्रयोगांनीच दाखवलं आहे. १९७३मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायची मनापासून आवड असलेल्या मुलांना आधी सांगून प्रमाणपत्र दिलं. नंतर त्या मुलांनी मोकळ्या वेळेत चित्रं काढण्यात जवळपास निम्माच वेळ घालवला. खेळाचं काम झालं.

पण सवाब हे तसलं बक्षीस नाही. ते आत्ता मिळत नाही, दिसत नाही, मोजता येत नाही, मिळालं की नाही याची पावतीही नाही. तरी पुण्याच्या हिशेबाने धर्म करणारे प्रत्येक धर्मात असतात, इस्लाममध्येही आहेत, आणि त्यांना टोकणारेही तिथलेच. आठव्या शतकातल्या बसऱ्याच्या संत राबिया यांची गोष्ट सांगतात: एका हातात पेटती मशाल आणि दुसऱ्या हातात पाणी घेऊन त्या निघाल्या. कुठे? तर स्वर्गाला आग लावायला आणि नरक विझवायला, म्हणजे लोक लालूच आणि भीती सोडून देवाकडे बघतील. मुक्ती नको म्हणणारे संत आपल्यालाही काही परके नाहीत.

मानसशास्त्राकडे इथे एक जुनी मोजपट्टी आहे. १९६७मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि मायकेल रॉस यांनी धार्मिक माणसांचे दोन कल सांगितले: धर्म वापरणारे आणि धर्म जगणारे. चर्चमध्ये ओळखीपाळखी होतात म्हणून जाणारा पहिल्यात. फोड सुटसुटीत आहे, परीक्षेत हमखास येते. पण ती अमेरिकी ख्रिस्ती लोकांकडे बघून केली आहे. मुसलमानाला तुम्ही ‘माणसं भेटतात म्हणून मशिदीत जाता का’ असं विचारून ‘हो’ला कमी गुण दिलेत, तर पट्टीच चुकली. खांद्याला खांदा लावून उभं राहणं हा तिथे वरचा मसाला नाही, मूळ पदार्थच तो आहे. पंढरीच्या वारकऱ्याला ‘दिंडीत सोबत मिळते म्हणून चालता का’ विचारण्यासारखंच ते.

डाएट मोडतं, रोजा का मोडत नाही

हा प्रश्न मी स्वतःला विचारते, कारण माझं डाएट दर श्रावणात सुरू होतं आणि गणपतीत मोडतं.

पीटर हर्मन आणि जेनेट पोलिवी यांनी डाएट करणाऱ्यांचा एक गमतीचा स्वभाव बरीच वर्षं अभ्यासला. डाएटवाल्याला आधी मिल्कशेक पाजलं, तर तो नंतर कमी खाण्याऐवजी जास्त खातो. ‘आज मोडलंच आहे, तर होऊन जाऊ दे.’ डाएटची रेघ पुसट असते: अर्धी पोळी चालते, मग पाऊण का नाही? रोज्याची रेघ ठळक आहे, सहा एक्केचाळीस इकडे, सहा बेचाळीस तिकडे. ते मिनिट सोडलं की रेघच जाते.

मनोबलाचा साठा वापरला की संपतो, असं मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर १९९८पासून प्रयोगाच्या आधारे सांगत आले. २०१६मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून तो प्रयोग पुन्हा केला, तर परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. आणि २०१७मध्ये कृष्णा सवानी आणि वेरोनिका जॉब यांना भारतीयांमध्ये उलटंच आढळलं. मनाला आवर घातल्याने थकवा येण्याऐवजी उभारी येते, असं इथे पुष्कळ लोक मानतात, आणि तसं मानणाऱ्यांचं पुढचं काम खरोखर जास्त चांगलं होतं. उपासतापासाच्या देशात वाढण्याचा हा एक फायदा म्हणायचा.

तीस निघतात, सहा निघत नाहीत

रमजान संपला की शव्वाल महिना लागतो. त्यात आणखी सहा रोजे ठेवायची प्रथा आहे, ऐच्छिक. मोठा सवाब सांगितला आहे. भूक तीच, तास तेवढेच, शरीर तर महिनाभराच्या सरावाने तयार. तरी मी जुन्या नाशकात कितीतरी जणांकडून ऐकलं आहे, तीस कसे निघून जातात कळत नाही, हे सहा काही निघत नाहीत.

कारण सोपं आहे. रमजानमध्ये पहाटे अख्खी गल्ली जागी असते. शेजारच्या घरातून भांड्यांचा आवाज येतो, दिवे लागलेले असतात. रात्री तरावीह, म्हणजे रमजानची जादा नमाज, सगळे मिळून. शव्वालमध्ये तुम्ही एकटेच अंधारात गॅस पेटवता आणि बाकीचं घर घोरत असतं. एमिल दुर्खिम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९१२मध्ये लिहिलं, की लोक एकत्र जमून एकच गोष्ट करतात तेव्हा एक उधाण येतं आणि एकेकट्याला जे झेपत नाही ते त्या उधाणावर झेपतं. गोदाकाठच्या गावाला हे वेगळं समजावून सांगायला नको. कुंभात पहाटे रामकुंडात उतरणाऱ्याला, घरी बादलीभर गार पाण्याने अंघोळ करायला सांगून बघा.

‘दिवसभर उपास आणि संध्याकाळी दूध बाजार?’

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपलीच आहे, तेव्हा हा आक्षेप जरा जपून घ्यावा. साबुदाण्याची खिचडी, वडे, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, वर रताळ्याचा कीस. मग जुन्या नाशकातल्या दूध बाजार, चौक मंडईतल्या भज्यांना आणि फेण्यांना कुठल्या तोंडाने नावं ठेवायची?

तळणाचं खाणं वाढतं, हे खरं आहे आणि मौलवीही त्यावर बोलतात. पण कष्टाचा रोजा आणि आनंदाची संध्याकाळ यांत विसंगती शोधणं म्हणजे नांगरणी आणि सुगी यांत विसंगती शोधणं. फिलिपे कॅम्पान्ते आणि डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट या अर्थतज्ज्ञांनी २०१५मध्ये याचा हिशेब मांडला. रमजान सरकतो, त्यामुळे काही वर्षी काही देशांत रोजे लांबतात. असे लांब रोजे आले की मुस्लिम देशांत उत्पादनवाढ मंदावते. त्याच वेळी लोक स्वतःला जास्त समाधानी सांगतात. पैसा खाली, मन वर. अर्थतज्ज्ञांना हे कोडं वाटलं. वारीसाठी ऐन पेरणीच्या दिवसांत वावर भावाच्या भरवशावर टाकून निघणाऱ्याला वाटलं नसतं.

सूट घेणं एवढं जड का जातं

शेवटी ज्याने डॉक्टर हैराण होतात ते. मधुमेहाचे, इन्सुलिन घेणारे आजोबा हट्टाने रोजा धरतात. कुराणात सूट आहे, मौलवी सांगतात, मुलगा हात जोडतो. आजोबा म्हणतात, “साठ वर्षांत एक सोडला नाही.” हा अडाणीपणा म्हणून सोडून दिला तर हाती काहीच लागत नाही. त्यांना भीती उपाशी न राहण्याची नसते. इफ्तारला दस्तरखानावर, म्हणजे जेवणाच्या चादरीभोवती, सगळे खजूर हातात धरून थांबलेले असताना आपणच तेवढे दुपारी जेवलेले असणार, ती भीती असते.

म्हणून ‘रोजा ठेवू नका’ एवढंच सांगून भागत नाही. त्या महिन्यात त्यांनी काय करायचं, हे सांगावं लागतं. फिदियाचं जेवण नोकराकडून न पाठवता आजोबांनी स्वतः वाढावं. सेहरीला सगळ्यांना त्यांनी उठवावं. आणि ज्यांना डॉक्टरांनी रोजा ठेवायला परवानगी दिली आहे, त्यांनी दुपारी बोटाला सुई टोचून साखर तपासली तर रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा, म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार, सांगतात. साखर फार खाली गेली तर रोजा तिथेच सोडायचा, हे रमजान लागायच्या आधी घरात ठरलेलं बरं. सहा वाजता ठरवायला गेलं की कुणीच ऐकत नाही.

चाचांना मी त्या मिनिटाबद्दल विचारलं होतं. मला काहीतरी खोल उत्तर अपेक्षित होतं, लेखात घालायला बरं पडेल असं. ते खजुराची बी कागदात गुंडाळत म्हणाले, “मॅडम, तेरा तास थांबलो. एका मिनिटासाठी कोण वाया घालवील?” मग जरा थांबून म्हणाले, “आणि ते मिनिटच तर चांगलं असतं.”

सिन्नरच्या पोराने इफ्तारचा गजर स्वतःच्या मोबाइलमध्येही लावून ठेवला होता, कारण चाचांची बॅटरी टिकत नाही. त्यानेच कुठेतरी वाचलेलं सांगितलं, की २०३०मध्ये रमजान दोनदा येणार, एक जानेवारीत आणि दुसरा डिसेंबरच्या शेवटी लागणार. चाचा खूश झाले. थंडीतले रोजे, सव्वाबारा-साडेबारा तासांचे, घसाही सुकत नाही. मग त्यांनी बोटांवर हिशेब केला. पहिल्याची ईद फेब्रुवारीत, दुसऱ्याची थेट २०३१मध्ये.

“म्हणजे वर्षात रमजान दोन आणि सुट्टी एकच,” पोरगा म्हणाला आणि त्याने मशीन चाचांच्या ताब्यात दिलं.